झाकणावर रंगवलेला पाऊस

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक लोखंडी झाकण आहे. त्यावर निळ्या रंगात 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' असं लिहिलेलं आहे, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपने खाली आणून जमिनीत मुरवायचा खड्डा. नऊ वर्षं मी त्या झाकणावर स्कूटर लावली. मग सेक्रेटरीपद गळ्यात पडलं, मे महिन्याचं टँकरचं बिल हातात आलं आणि झाकण उघडावंसं वाटलं. आत सिमेंटची पोती, फुटक्या फरशा, राडारोडा. प्लंबर अर्धा तास गच्चीवरून येणारा पाइप शोधत होता. शेवटी म्हणाला, "काका, ह्या खड्ड्यात पाइप येतच नाही."

गच्चीवरचं सगळं पाणी सरळ पावसाळी गटारात जात होतं. बिल्डरचं नाव घेत नाही. आम्हीही नऊ वर्षं झाकण उचललं नाही, तेव्हा बोट कुणाकडे दाखवायचं?

नियम नाही असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पण ते बघितलं जातं भोगवटा पत्र देताना, एकदाच. त्यानंतर त्या खड्ड्यात पाऊस पडतो की कचरा, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. पुण्यात तर यासाठी मिळकतकरात सवलतही आहे: सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के.

जरा हिशेब करून बघू. हजार चौरस मीटरची गच्ची धरा, पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरा. सात लाख लिटर झाले. त्यातलं वीस टक्के वाया गेलं तरी पाच लाख साठ हजार उरतात, म्हणजे दहा हजार लिटरचे ५६ टँकर. हे पाणी गटारात सोडायचं आणि उन्हाळ्यात तेवढंच दारात विकत घ्यायचं! खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली की २९ टीएमसीच्या, म्हणजे २९ अब्ज घनफुटांच्या आसपास साठा होतो. तो भरला की आपण सगळे वर्षभरासाठी निश्चिंत होतो, आणि गच्चीकडे बघायचं राहून जातं.

दुसरी गोष्ट मला पैसे घालवून कळली. नवा खड्डा खणण्याआधी एका भूजलतज्ज्ञांना बोलावलं. आपल्या पायाखाली बेसॉल्ट, थरावर थर. काही थर मुरुमासारखे, भेगाळलेले. काही इतके घट्ट की पाणी नुसतं साचून राहतं. आमचा जुना खड्डा नेमका घट्ट काळ्या पाषाणावर खणलेला होता. पाइप जोडला असता तरी तिथे डासच झाले असते. पाणी मुरेल अशी जागा निघाली कुंपणालगतच्या कोपऱ्यात, नकाशात जिथे कुणी विचारही केला नव्हता. सगळ्या इमारतींना एकच छापील नकाशा जोडायची पद्धत म्हणूनच निरर्थक आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, तेही नुसत्या उतारावर. त्या दगडी नळाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे आत माणूस उतरू शकेल एवढा तो मोठा ठेवला होता. बांधणाऱ्यानं साफ करणाऱ्याचा विचार आधी केला. (आमच्या खड्ड्यात मांजरही शिरलं नसतं.)

मागणी एवढीच. महाराष्ट्रात आगप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची असलेल्या सोसायटीला जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन द्यावा लागतो. कटकट वाटते, पण त्यामुळेच पंप चालू राहतो. पावसाच्या पाण्यासाठी असाच एक फॉर्म दर मे महिन्यात घ्या. पाइप जोडलेला आहे का, गाळ काढला का, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय आहे का, खड्डा कुठल्या थरावर आहे. करसवलत या फॉर्मशी जोडा. फॉर्म नाही तर सवलत नाही.

आणि त्याच फॉर्मवर एक रकाना बोअरवेलच्या पाणीपातळीचा ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. शहरात तर सोसायटीगणिक बोअर आहे. दोरीला वजन बांधून वॉचमनसुद्धा मोजेल. हे आकडे वॉर्डनिहाय जाहीर झाले, तर कुठे नवी बोअर घेऊ द्यायची नाही हे ठरवायला सरकारला मोठा आधार होईल.

आमच्याकडे टँकर अजून येतो. पूर्वीपेक्षा कमी येतो, एवढंच सांगू शकतो.

फॉर्मचा मसुदा आमच्याकडे तयार आहे, एका पानात बसला. मागवलात तर पाठवतो.

आपला विश्वासू,
एका सोसायटीचा सेक्रेटरी, पुणे