मुलांची औषधे मुलांमध्येच तपासावी लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांवरील औषधचाचण्यांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांतील बहुतेकांचा सूर ‘कोवळ्या जिवांवर प्रयोग नकोत’ असा आहे. त्यामागचा कळवळा मला समजतो. तथापि एआरटीची (एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या उपचारांची) औषधे देणाऱ्या खिडकीमागे मी पुष्कळ वर्षे औषधनिर्माता म्हणून बसलो आहे. चाचणी झालेली नसते तेव्हा त्या मुलाच्या हाती नेमके काय पडते, हे मी रोज पाहिले आहे आणि ती बाजू या पत्रव्यवहारात अजून आलेली नाही.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे मुलांसाठी वेगळ्या गोळ्या नव्हत्या. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे एकत्र असलेली मोठ्यांची गोळी घ्यायची, ब्लेडने तिचे दोन भाग करायचे आणि मूल अगदीच लहान असेल तर चार. पात्याखाली एक तुकडा मोठा व्हायचा, दुसरा लहान, आणि थोडा भुगा टेबलावरच राहायचा. ते तुकडे कागदाच्या पुडीत बांधून मुलाच्या आजीच्या हाती देताना ‘मोठा तुकडा सकाळी द्या, लहान रात्री’ असे मी सांगत असे. (औषध घ्यायला बहुतेक वेळा आजीच येई, कारण आईवडील एक तर आजारी असत किंवा हयात नसत.) गोळी सरळ रेषेत तुटली की मला आपल्या हाताचे कौतुक वाटे.

दोष केवळ ब्लेडचा नव्हता, हे पुढे झांबियातील ‘चापास’ या चाचणीने दाखवून दिले. गोळीचे अगदी काटेकोर दोन भाग केले, तरी मुलाला मिळणारे मिश्रण चुकीचेच राहते, कारण लहान मुलाचे शरीर नेव्हिरॅपिनचा निचरा मोठ्यांच्या मानाने लवकर करते आणि त्यामुळे इतर दोन औषधांच्या तुलनेत त्याला नेव्हिरॅपिन अधिक प्रमाणात लागते. मोठ्यांची अर्धी गोळी दिली की स्टॅव्हुडिन पुरेसे, पण नेव्हिरॅपिन कमी, असे होते. त्यातही नेव्हिरॅपिन हे असे औषध आहे की विषाणूत एकच जनुकीय बदल झाला तरी ते निकामी होऊ शकते, आणि रक्तातील औषध कमी पडले की असा बदल झालेला विषाणू फोफावतो. म्हणजे मी ज्या सरळ तुकड्यांचा अभिमान बाळगत होतो, त्यांतून काही मुलांच्या शरीरात औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होण्यास मदतच झाली असण्याची शक्यता आहे. तोही प्रयोगच होता. फरक एवढाच की त्याची कोणी नोंद ठेवली नाही, कोणाची संमती घेतली नाही आणि तो थांबवण्याचा अधिकार असलेली कोणतीही समिती त्यावर लक्ष ठेवून नव्हती.

एचआयव्हीवर एकच औषध फार काळ टिकत नाही, म्हणून तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, हे आता बहुतेकांना माहीत असते. मुलांच्या बाबतीत यातील गुंतागुंत अनेक पटींनी वाढते, ती अशी : यकृत, मूत्रपिंड, जठरातील आम्लता, शरीरातील पाण्याचे प्रमाण हे सगळे वयाप्रमाणे बदलत असते आणि प्रत्येक औषधावर त्या बदलाचा परिणाम वेगळा होतो. त्यामुळे तीन किलोच्या बाळासाठी जुळवलेले तिघांचे प्रमाण पंधरा किलोच्या मुलासाठी जुळेलच असे नाही. त्यात क्षयरोग असेल आणि त्यावरचे रिफॅम्पिसिन हे औषध चालू असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरील नवे औषध मग दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावे लागते. हे आकडे कागदावर गुणाकार-भागाकार करून मिळत नाहीत. मुलाच्या रक्तातील औषधाची पातळी ठरावीक तासांनी मोजूनच ते मिळतात.

मुलांना ‘उपचारांच्या जगातील अनाथ’ म्हणण्याची पद्धत अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅरी शर्की यांनी १९६८ मध्ये रूढ केली. एचआयव्हीच्या बाबतीत ती उपमा वारंवार खरी ठरली. झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरील पहिल्या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली, मुलांसाठी १९९० मध्ये. मात्र त्यानंतरचे डायडॅनोसिन १९९१ मध्ये प्रौढ आणि सहा महिन्यांवरील मुले अशा दोघांसाठी एकदमच मान्य झाले. मनात आणले तर हे करता येते, याचा एवढा जुना दाखला असताना पुढे तो विसरला गेला, याचे मला अजून नवल वाटते.

चाचणीवर आक्षेप घेणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ या चाचणीचा अभ्यास करावा, असे मला वाटते, कारण तिच्यात त्यांच्या आक्षेपाला आधारही सापडेल आणि उत्तरही. एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या, पण वरवर निरोगी दिसणाऱ्या सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना तीन औषधे लगेच सुरू करावीत, की प्रतिकारशक्ती घसरेपर्यंत थांबावे, असा तिचा प्रश्न होता. लगेच उपचार मिळालेल्या २५२ बाळांपैकी १० दगावली. थांबवून ठेवलेल्या १२५ पैकी २०. पहिल्या गटात ४ टक्के, दुसऱ्यात १६ टक्के. ते वीस मृत्यू कोणी सहज विसरू नयेत. परंतु थांबणे हा त्या काळी चाचणीबाहेरही रूढ असलेला उपचार होता. चाचणीतील आकड्यांवर एक स्वतंत्र समिती लक्ष ठेवून होती, म्हणून फरक स्पष्ट होताच थांबण्याचा गट २००७ मध्ये बंद करण्यात आला आणि त्यातील मुलांची तातडीने फेरतपासणी झाली. चाचणीबाहेर तसेच थांबून राहिलेल्या बाळांवर असे कोणाचे लक्ष नव्हते. उपचार न मिळाल्यास एचआयव्हीसह जन्मलेली जवळजवळ निम्मी मुले दुसऱ्या वाढदिवसापर्यंत दगावतात. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि निदान होताच तान्ह्या बाळांना उपचार सुरू करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याच वर्षी आली.

आफ्रिकेतील काही देश आणि भारत यांत झालेल्या ‘पी १०६०’ या चाचणीने तीन वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये नेव्हिरॅपिनचा उपचार सुमारे ४० टक्के मुलांत, तर लोपिनॅव्हिर-रिटोनॅव्हिरचा सुमारे २० टक्के मुलांत अयशस्वी ठरल्याचे दाखवले. निकाल चांगला होता, औषध मात्र भयंकर. लोपिनॅव्हिर-रिटोनॅव्हिरचे ते पातळ औषध कमालीचे कडू असून त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असते आणि ते थंड जागी ठेवावे लागते. सुईविरहित सिरिंजने ते बाळाच्या गालाच्या आत सोडताना एकीने हात धरायचे, दुसरीने हनुवटी. बाळ श्वास रोखून ओठ घट्ट मिटते आणि मग सगळे उलटून बाहेर काढते. मात्रा घशात किती गेली आणि झबल्यावर किती सांडली, हे कोणी सांगू शकत नसे, आणि हा सोहळा दिवसातून दोनदा. चाचणीत यशस्वी ठरलेले औषध घरात का हरते, याचे उत्तर मला अशा झबल्यांवरच्या डागांत मिळाले. चव, गोळीचा आकार, ती पाण्यात विरघळते की नाही या गोष्टी किरकोळ मानून शेवटी तपासल्या जातात. मुलांच्या औषधात त्या पहिल्यापासून तपासायला हव्यात.

आता संमतीविषयी, कारण माझ्या मते आक्षेपकर्त्यांची खरी जागा तिथे आहे. न्यूयॉर्कमध्ये सरकारी देखरेखीखाली पालक-कुटुंबांत किंवा संस्थांत वाढणाऱ्या मुलांना एड्सच्या औषधचाचण्यांत घेतल्यावरून २००५ च्या सुमारास मोठे वादळ उठले. वेरा इन्स्टिट्यूट या स्वतंत्र संशोधन संस्थेने चौकशी करून २००९ मध्ये अहवाल दिला. अशी ५३२ मुले चाचण्यांत होती. चाचणीतील औषधांमुळे एकाही मुलाचा मृत्यू झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र अनेक फायलींत संमतीपत्रेच सापडली नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या मुलाच्या बाजूने बोलायला घरचे कोणी नाही, त्याच्यासाठी चाचणीशी काडीचाही संबंध नसलेला प्रतिनिधी नेमला गेलाच पाहिजे, आणि त्याला नाही म्हणण्याचा खराखुरा अधिकार हवा.

मोठ्या मुलांबाबत अडचण अधिक नाजूक असते. पालकाच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार घ्यावा, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण माझ्या खिडकीसमोर एका नऊ वर्षांच्या मुलाने ‘ही गोळी कशाची?’ असे विचारले होते आणि त्याच्या आजीने माझ्याकडे न पाहता ‘ताकदीची’ असे उत्तर दिले होते. आजाराचे नावच ज्याला सांगितलेले नाही, त्याचा होकार कशाला म्हणायचा? त्याला आजार कधी आणि कसा सांगायचा, हे काम चाचणीच्या आराखड्यातच धरलेले असावे आणि त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक असावेत. होकाराच्या कागदावरून मुलाला ते कळू नये.

माझी मुख्य तक्रार चाचण्या होतात ही नसून त्या उशिरा होतात, ही आहे. पद्धत अशी की आधी प्रौढ, मग किशोर, मग सहा वर्षांवरील मुले, अशी एकेक पायरी उतरत तान्ह्या बाळापर्यंत यायचे. डोल्युटेग्रॅव्हिरला अमेरिकेत ऑगस्ट २०१३ मध्ये प्रौढ आणि १२ वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली. चार आठवड्यांच्या, तीन किलोच्या बाळाला देता येईल अशी पाण्यात विरघळणारी गोळी २०२० मध्ये आली. मधल्या सात वर्षांत पुष्कळ बाळे त्या कडू पातळ औषधावर होती. ‘ओडिसी’ चाचणीत १४ किलो व त्याहून अधिक वजनाच्या ७०७ मुलांमध्ये डोल्युटेग्रॅव्हिरचा उपचार ९६ आठवड्यांत १४ टक्के मुलांत अयशस्वी ठरला, तर प्रचलित उपचार २२ टक्के मुलांत. म्हणजे उशीर झाला तो चांगल्या औषधाला. प्रौढांत औषध सुरक्षित ठरल्याचे दिसू लागले की किशोरांना प्रौढांच्याच चाचणीत घ्यावे आणि त्याखालील सर्व वजनगट एकामागून एक न घेता बरोबरच सुरू करावेत, असे तज्ज्ञ आता सांगतात. धोका वाटल्यास एखादा गट थांबवता येतो. नवजात बालकांबाबत अधिक सावधगिरी हवी, हे मला मान्य आहे.

आणखी एक अट असावी. ज्या मुलांच्या रक्तावर एखाद्या औषधाची मात्रा ठरली, त्यांना चाचणी संपल्यावर तेच औषध मिळत राहील, याची लेखी हमी चाचणी सुरू होण्यापूर्वी दिली जावी.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १४ लाख मुले एचआयव्हीसह जगत होती. प्रौढांपैकी ७७ टक्क्यांना उपचार मिळत होते, मुलांपैकी ५७ टक्क्यांना. एचआयव्ही असलेल्या एकूण लोकांत मुले केवळ ३ टक्के होती, पण एड्समुळे झालेल्या मृत्यूंत १२ टक्के.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. एचआयव्हीवरील नव्या औषधाला मान्यता मिळाल्याची बातमी आपण ठळकपणे छापता. त्या बातमीत ते औषध किती वयाच्या आणि किती किलो वजनाच्या मुलापासून देता येते, एवढे एक वाक्य कृपया घालावे. कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन या जोडीची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये प्रौढांसाठी आणि मार्च २०२२ मध्ये किमान ३५ किलो वजनाच्या, १२ वर्षांवरील मुलांसाठी मान्य झाली. माझ्या खिडकीसमोर उभा राहिलेला तो नऊ वर्षांचा मुलगा त्या दिवशी वजनकाट्यावर १९ किलो भरला होता.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता