पासपोर्टची अट राहू द्या, रस्ता मोकळा करा : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

सोलापूर,
२० डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय केंद्रीय युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि रोज सकाळी सहा ते आठ या वेळेत मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कुणाची आई विड्या वळते, दोघा-तिघांचे वडील रेल्वेत आहेत. नळाला पाणी यायच्या दिवशी निम्मी मुलं येत नाहीत, कारण घरी भरायला माणूस लागतो. त्या दिवशी मी आहेत तेवढ्यांना घेऊन पासचा सराव करतो.

१८ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही दहा-बारा जण एका मोबाईलभोवती बसून ढाक्यातला भारत-बांगलादेश सामना पाहत होतो. अकराव्या मिनिटाला आपण गोल खाल्ला आणि तोच शेवटपर्यंत राहिला. २००३ नंतर पहिल्यांदाच आपण बांगलादेशाकडून हरलो. त्यांच्याकडे हमझा चौधरी होता. तो इंग्लंडमध्ये जन्मला, लेस्टर सिटीत घडला आणि आईच्या नात्याने बांगलादेशी झाला. आपल्या संघाबरोबर रायन विल्यम्स सराव करत होता. त्याचा जन्म ऑस्ट्रेलियातला, आई मुंबईची. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून तो नुकताच भारताचा नागरिक झाला होता, पण ऑस्ट्रेलियाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र वेळेत आलं नाही म्हणून मैदानात उतरू शकला नाही. पोरांत लगेच जुंपली. एक म्हणाला, “अबे, त्याची आई मुंबईची हाय. आपलाच की तो.” दुसरा म्हणाला, “आपला असता तर आधी ऑस्ट्रेलियाकडून कशाला खेळला असता बे?” आणि दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

त्या रात्री मी “चला, घरी जा, उशीर झाला” एवढंच बोललो. मुलांना द्यायचं राहिलेलं ते उत्तर, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट हवाच या अटीविषयीचं माझं म्हणणं, तुमच्यासमोर मांडतो आहे, कारण त्यातला निम्मा भाग तुमच्या हातात आहे.

आधी यंदाचे दोन सामने आठवू. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत १० जूनला हाँगकाँगने भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपल्याला १-० ने हरवलं. पेनल्टी मारली स्टेफान परेराने. तो मूळचा ब्राझीलचा. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपला आघाडीपटू छांगटे याने आपल्याला पुढे नेलं होतं. सिंगापूरने तो सामना २-१ ने काढला आणि आपण चषकाबाहेर गेलो. सिंगापूरचे दोन्ही गोल साँग उई-यंगचे, आणि तो जन्माने दक्षिण कोरियाचा. डिसेंबर २०२३ मध्ये आपण जागतिक क्रमवारीत १०२ वे होतो. यंदाच्या नोव्हेंबरच्या यादीत १४२ वे आहोत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपणही बाहेरून चार चांगले आघाडीपटू आणावेत. पण साँग सिंगापूरचा कसा झाला ते पाहावं. शाळकरी वय संपता संपता तो तिथे गेला, तिथल्या क्लबात वाढला, वर्षानुवर्षं राहिला आणि २०२१ मध्ये नागरिक झाला. सिंगापूरही आपल्यासारखंच दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे कोरियाचा पासपोर्ट सोडूनच तो त्या संघात आला. त्याला उसना खेळाडू म्हणायला माझी जीभ धजत नाही.

यामागे माझं घरचं कारण आहे. माझे आजोबा तेलंगणातून इथे माग चालवायला आले. घरात आम्ही अजून तेलुगू बोलतो, शेजारी कन्नड आहेत, पलीकडच्या गल्लीत उर्दू, आणि सगळ्यांचा व्यवहार मराठीत. आजोबांना पहिली कितीतरी वर्षं लोक बाहेरचे म्हणत. त्यांच्या हाताखालून निघालेल्या चादरीला मात्र कुणी तेलंगणाची चादर म्हटलं नाही. ती पहिल्या दिवसापासून सोलापुरी चादरच होती. उलट दिशेला गेलेला माणूसही आमच्याच गावचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीन त्यांना आजही आपला माणूस मानतो. त्या मानण्यात जन्मदाखल्याचा काही संबंध नाही.

म्हणून मुलांना मी आता सांगतो की विल्यम्स आपला आहे. त्याचे आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा खेळले होते हे खरं, पण माझ्या लेखी तो जास्तीचा पुरावा झाला. त्याने परतीचं दार स्वतः लावून घेतलं, तेवढं मला पुरतं.

आणि याच कारणासाठी पासपोर्टची अट सैल करू नका, अशी माझी विनंती आहे. २००८ मध्ये सरकारने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळाडू देशाकडून खेळेल. त्याआधी प्रकाश अमृतराजसारखा अमेरिकी नागरिक आपल्याकडून टेनिसचा डेव्हिस चषक खेळत होता. तेव्हापासून फुटबॉलवाले ही अट काढा म्हणून मागे लागले आहेत. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना इगोर स्टिमॅच यांनीही ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, खेळू द्या, असं अनेकदा सांगितलं. त्यांची तळमळ मला समजते. तरीही माझं मत वेगळं आहे. आमच्या मैदानावरच्या पोराला दुसरा पासपोर्ट नाही. उद्या त्याच्या शेजारी निळा शर्ट घालून जो उभा राहील, त्याची जोखीम याच्याएवढीच असली पाहिजे.

अट ठेवली की रस्ता नीट ठेवण्याची जबाबदारीही येते. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात तो रस्ता आहे. ओसीआय कार्डाला पाच वर्षं झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असावं. आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील तर नुसत्या बारा महिन्यांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. कायदा मला वाजवी वाटतो. अडचण खेळाडूच्या वयाची आहे. विल्यम्स बत्तिसाव्या वर्षी भारतीय झाला. त्याच्या आधी अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. पुणे एफसीकडून खेळता खेळता त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला, तेव्हा तो तिशीत पोचला होता. फुटबॉलमधली सगळ्यात चांगली वर्षं बावीस ते अठ्ठावीस. आपल्याकडे खेळाडू येतो तो ती संपल्यावर.

आता या बारा महिन्यांचा विचार करा. इंग्लंड किंवा हॉलंडच्या क्लबात असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला भारतीय व्हायचं असेल, तर त्याला तिथला करार सोडून वर्षभर इथे राहावं लागेल. इथे तो कुठे खेळणार? इंडियन सुपर लीगमध्ये. ती लीग जुलैत थांबली, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याची व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यातल्या कराराचा पुढचा निर्णय झाला नव्हता. डिसेंबर उजाडला, तो करारही संपला, आणि हे पत्र लिहीपर्यंत लीगचा पहिला सामना झालेला नाही. क्लबांनी सराव थांबवले, खेळाडूंच्या पगाराची चर्चा वर्तमानपत्रांत आली. कायदा म्हणतो वर्षभर इथे राहा, आणि राहायला यावं तर खेळायला लीग नाही. जुलैमध्येच मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या खेलो भारत नीती या क्रीडा धोरणात परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंनी इकडे येऊन देशासाठी खेळावं, त्यांना प्रोत्साहन द्यावं, असं म्हटलं आहे. ते वाचून मला आनंद झाला होता. पण माझा स्वतःचा मुलगा परदेशात असता, तर आज मी त्याला ये म्हणालो असतो का, या प्रश्नाला माझ्याकडे हो असं उत्तर नाही.

झटपट मार्गाचं काय होतं तेही यंदाच दिसलं. मलेशियाने परदेशी जन्मलेले सात खेळाडू आणले आणि जूनमध्ये व्हिएतनामला ४-० ने हरवलं. सप्टेंबरमध्ये फिफाने निकाल दिला की त्यांच्या आजी-आजोबांचे जन्मदाखले बनावट होते. सातही जणांवर बारा महिन्यांची बंदी, महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड.

या बातमीने मला आमच्याच मैदानावरचा एक मुलगा आठवला. चौदा वर्षांचा, डाव्या पायाचा, मधल्या फळीत खेळणारा. एका निवड चाचणीला गेला. शाळेच्या दाखल्यावर त्याच्या तेलुगू आडनावात जोडाक्षर होतं, आधार कार्डावर तेच अक्षर सुटं. टेबलापलीकडच्या माणसाने कागद परत केले, मुलगा शूज हातात घेऊन परत आला. कागद दुरुस्त होईपर्यंत त्याचं वय त्या गटाबाहेर गेलं होतं. आता तो शाळा सुटल्यावर एका कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो. कधी कधी रविवारी येतो आणि लहान मुलांना शिकवतो. फार छान शिकवतो.

कतारने २०१९ मध्ये आशियाई चषक जिंकला, त्या संघात परदेशात जन्मलेले खेळाडू होते. २०२२ च्या विश्वचषकात मात्र आपल्याच देशात ते तिन्ही सामने हरले. मला कतारपेक्षा मोरोक्को जास्त सांगण्यासारखा वाटतो. त्याच २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत गेला. त्या २६ जणांपैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले होते. हकीमी माद्रिदचा, झियेश हॉलंडचा. पण उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालवरचा एकमेव गोल ज्याच्या डोक्याने गेला तो एन-नेसिरी मोरोक्कोत जन्मलेला, तिथल्या मोहम्मद सहावा अकादमीत घडलेला. ही अकादमी विश्वचषकाच्या दहा-बारा वर्षं आधी उभी राहिली. यंदा ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोच्या वीस वर्षांखालील संघाने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला हरवून विश्वचषक जिंकला. बाहेरून आलेल्यांनी त्यांच्याकडे घरच्यांची जागा खाल्ली नाही, कारण घरचे तयार होते.

आमचे घरचे तयार कुठे होतात ते सांगतो. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्ष संपलं. आमच्या चौदा वर्षांखालच्या संघाने यंदा शालेय स्पर्धेत दोन सामने खेळले. वर्षाचे तीनशे दिवस सराव आणि दोन सामने! जानेवारीत शहरातल्या होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. यात्रा आमचीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही, मी स्वतः मुलांना घेऊन जातो. पण तेवढा काळ खेळायला दुसरी मोकळी जागा शोधावी लागते आणि ती सहज मिळत नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळांना फुटबॉल वाटले गेले. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या मुली पहिल्यांदा मैदानावर उतरल्या. एका मुलीने बॉल घट्ट पोटाशी धरला होता आणि काही केल्या खाली ठेवत नव्हती. ते बॉल केव्हाच झिजले. त्या मुलींना खेळायला लीग मिळाली नाही. त्या विश्वचषकाच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर हंगामभर एकमेकांशी खेळतात आणि गाव बघायला लोटतं. सोलापूरहून कोल्हापूर एस.टी.ने पाच-सहा तासांवर आहे. आमच्या मुलांनी तो हंगाम कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

महोदय, मागणं दोनच आहे. पहिलं, गृह मंत्रालयाशी बोलून खेळाडूंच्या नागरिकत्वाच्या अर्जांना मुदत घालून घ्या. कागद पूर्ण असतील तर तीन महिन्यांत हो किंवा नाही सांगा, आणि परदेशी महासंघाच्या ना-हरकत पत्राचा पाठपुरावा सामना तोंडावर यायच्या आत कुणीतरी करा. ज्याचं या देशाशी नातं नाही आणि जो इथे राहिलेला नाही, त्याला केवळ गोल करतो म्हणून पासपोर्ट देऊ नका. दुसरं, प्रत्येक जिल्ह्यात तेरा आणि पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी साखळी पद्धतीची लीग सुरू करायला महासंघाला आणि राज्यांना भाग पाडा. वर्षाला प्रत्येक संघाला किमान वीस सामने मिळाले पाहिजेत. तुमच्या अनुदानाला ही अट जोडता येईल. मोठं स्टेडियम आम्ही मागत नाही. सपाट मैदान, दोन गोलपोस्ट, एक पंच आणि वेळापत्रक मिळालं तरी सोलापुरात आठ संघ मी उभे करून देतो.

अराता इझुमी खेळणं थांबवल्यावर जपानला परत गेला नाही. इथल्याच अकादमीत मुलांना शिकवत राहिला. विल्यम्सनेही उद्या तसंच करावं असं मला मनापासून वाटतं. त्याला कधी सोलापूरला यावंसं वाटलं, तर आमच्या डाव्या पायाच्या मुलाला त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमचं उत्तर आलं तर ते मी मैदानावर मुलांना वाचून दाखवणार आहे. मराठीत नसलं तरी चालेल, हिंदी सगळ्यांना समजतं.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक
पूर्व भाग, सोलापूर