मंत्रीसाहेब, रीसेट दाबायच्या आधी कारण लिहायला लावा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार.

रुग्णालयातले जनरेटर सांभाळणं हेच माझं काम आहे. लाईट जाते, सेट चालू होतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि थोड्या वेळाने तो चालता चालता बंद पडतो. असं दोन-तीनदा झालं की वरून एकच विचारणा होते, सेट जुना झालाय का, नवीन घ्यायचा का. साहेब, नवीन सेट जरूर घ्या, पण जुना कशामुळे बंद पडत होता हे कुणी बघितलंच नसेल तर नवाही त्याच टाकीतलं डिझेल पिणार आणि त्याच कोंदट खोलीत तापणार.

सेटवरचा कंट्रोलर ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान, स्पीड, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी हे सगळं सतत बघत असतो, त्यातलं काही मर्यादेबाहेर गेलं की इंजिन जळू नये म्हणून तोच सेट बंद करतो आणि कारण डिस्प्लेवर दाखवतो. पण होतं काय, आयसीयूतून फोन येतो, ऑपरेटर धावत येतो, रीसेट दाबतो, सेट परत चालू, सगळे खूश. त्याला दोष देऊ नका, त्याच्या जागी कोणीही असता तरी तेच केलं असतं. पण कारण तिथेच पुसलं जातं. नवीन कंट्रोलरमध्ये निदान जुन्या नोंदी राहतात, जुन्या दिव्यांच्या पॅनलवर दिवा विझला की पुरावा संपला.

दुसरं म्हणजे "जनरेटर बंद पडला" या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. इंजिन चालू आहे पण सप्लाय नाही, तर ब्रेकर ट्रिप झालाय किंवा एव्हीआरमध्ये (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेत) काहीतरी गडबड आहे. इंजिनच थांबलं असेल तर ते कसं थांबलं हे विचारायला पाहिजे. स्विच बंद केल्यासारखं एकदम थांबलं तर बहुतेक वेळा सेफ्टी ट्रिप, सोलेनॉइडची (इंजिनचं डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याची) सैल वायर किंवा कंट्रोलरला मिळणारा बॅटरी सप्लाय तुटणं यातलं काहीतरी असतं. आधी आवाज वर-खाली झाला, लाईट मिणमिणली आणि मग दम तोडला तर डिझेल नीट पोचत नाहीये. एवढं एक वाक्य ऑपरेटरने लिहून ठेवलं तरी मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

डिझेलचंच बघा. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं भोक, बुजला असेल तर इंजिन डिझेल ओढतं पण टाकीत हवा शिरत नाही, आत व्हॅक्यूम तयार होतो, सेट काही वेळ छान चालतो आणि मग मरतो. जरा वेळ थांबून लावला की परत चालू. लोक पंप बदलतात, इंजेक्टर खोलतात. अशा वेळी टाकीचं झाकण हळूच सैल करायचं, सुस्स करून हवा आत गेली की समजायचं. तसंच वॉटर सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या, तळाचं काचेच्या बाटलीत काढून बघायचं, खाली पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधे तपकिरी बुळबुळीत थर दिसला तर तो पाण्यावर वाढलेल्या जंतूंचा गाळ असतो. तोच फिल्टर चोक करतो, आणि मग फिल्टर कितीही वेळा बदला, टाकी साफ केल्याशिवाय सुटका नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी टेस्ट म्हणजे आठवड्यातून एकदा सेट विनालोड चालवायचा, आवाज ऐकायचा आणि रजिस्टरवर ओके लिहायचं. पण विनालोड इंजिनला डिझेल थोडंच लागतं, अर्धा चोक झालेला फिल्टरसुद्धा तेवढं देतो, आणि रेडिएटर धुळीने भरलेला असला तरी तापमान चढत नाही. खरी लाईट गेली, ऑपरेशन थिएटर, लिफ्ट, कॉम्प्रेसर सगळं अंगावर आलं की तिथे उघडं पडतं. शिवाय सतत कमी लोडवर चालवलं की न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठते, म्हणजे ही टेस्ट सेटचं नुकसानच करते. अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात डिझेल सेट महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, आणि साधारणपणे नेमप्लेटवरच्या किलोवॅटच्या किमान ३० टक्के लोडवर चालवायला सांगितलंय, ते उगाच नाही.

आणि एक गोष्ट बघून खरंच राग येतो. सेट वारंवार ट्रिप होतो म्हणून ऑइल प्रेशर स्विच बायपास करून टाकतात. कधी सेन्सर खराब असतोही, पण ते मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजल्यावरच ठरवायचं असतं. प्रेशर खरंच कमी असेल तर बायपास केलेलं इंजिन थोड्याच वेळात बेअरिंग खाऊन जाम होतं, आणि मग पेशंटला अंधारातून बाहेर काढायला काहीच उरत नाही.

म्हणून साहेब, एक परिपत्रक काढा. रीसेटच्या आधी डिस्प्लेचा मोबाईलवर फोटो, त्याला काही सेकंद लागतात, आणि नंतर उसंत मिळाली की अवर मीटर (सेट एकूण किती तास चालला तो आकडा), तेव्हाचा लोड आणि सेट कसा थांबला याची एक ओळ. लो ऑइल प्रेशर दिसलं तर डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघितल्याशिवाय परत स्टार्ट मारायचा नाही. महिन्याची टेस्ट खऱ्या लोडवर किंवा लोड बँक (टेस्टसाठी खोटा लोड देणारं यंत्र) लावून, तीही डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवून. कुठलीही सेफ्टी बायपास केलेली सापडली तर सेट नादुरुस्त समजायचा. आणि देखभालीच्या बिलावर नुसतं "तपासले, ओके" असेल तर ते पास करू नका, कुठला फॉल्ट होता, काय मोजलं, काय बदललं आणि त्यानंतर सेट लोडवर किती वेळ चालवून बघितला हे मागा. फॉल्ट लिहिणाऱ्या ऑपरेटरला मेमो मिळणार नाही हेही त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

आपला,
एक जनरेटर तंत्रज्ञ