हेल्स्टन येथील ब्लू अँकर पबच्या भेटीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी दुपारी आपण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील हेल्स्टन येथील ब्लू अँकर या गवती छपराच्या जुन्या पबला भेट देणार आहोत. ही वास्तू पूर्वी मठवासीयांचे विश्रामगृह होती, असे सांगितले जाते. आज येथे स्वतःच्याच भट्टीत तयार होणारी ‘स्पिंगो’ एल (बिअरचा एक प्रकार) मिळते. अशी पारंपरिक एल पिंपात पुन्हा आंबते, तिच्यात वरून वायू भरला जात नाही आणि ती साधारण 11 ते 13 अंश सेल्सिअसला दिली जाते. त्यामुळे ती पुरेशी थंड नसल्याची तक्रार कृपया कोणी करू नये. (मागील सहलीत बर्फ मागितला गेला होता, हे सर्वांना स्मरत असेलच.) अनेक पारंपरिक एल माशाच्या वाताशयापासून केलेल्या पदार्थाने निवळविल्या जातात, म्हणून शाकाहारी सभासदांनी आधी चौकशी करावी. ‘स्पेशल’ प्रकारात मद्यार्क 6 टक्क्यांहून अधिक असल्याने अर्धा पिंट (सुमारे 284 मिली) पुरेसा ठरेल. हेल्स्टनला प्रवासी रेल्वे नाही. तेव्हा गाडी चालविणाऱ्यांनी मद्य टाळावे, इतरांनी रेडरूथ स्थानकापासून बसने यावे.