वॅट सांगताय, मग डिस्टॉर्शनही सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर तुमच्या पुरवणीत घरातल्या साऊंड सिस्टीमवर एक पान आलं होतं, त्यात प्रत्येक मॉडेलपुढे वॅटचा आकडा ठळक टाइपात, एका ठिकाणी तर चक्क ५००० वॅट पीएमपीओ (क्षणभर मिळेल म्हणून सांगितलेली कमाल पॉवर), आणि हा आकडा किती टक्के डिस्टॉर्शनला (अँप, म्हणजे अॅम्प्लिफायर, आवाजात जी भेसळ करतो ती) मिळतो ते मात्र कुठेच नाही. पीएमपीओचं सोडूनच द्या, सोबत मिळणारा अॅडॅप्टर १२ व्होल्ट २ अँपिअरचा म्हणजे २४ वॅटचा असेल तर त्यातून ५००० येणार कुठून! पण जे आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) म्हणून छापतात त्यातही गोम असते. टीपीए ३११६ या अँपच्या चिपचा छोटा बोर्ड घ्या, हल्ली सगळीकडे मिळतो, जाहिरातीत ५० अधिक ५० वॅट. ही चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) उघडलीत तर ते ५० वॅट २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, आणि १० टक्के डिस्टॉर्शनला. म्हणजे कंपनीने काही लपवलेलं नाही, खोक्यावर येईपर्यंत बाकीचं सगळं गळून नुसते वॅट उरतात. १० टक्के म्हणजे आवाज फाटलेलाच असतो. आणि तोच बोर्ड १२ व्होल्टवर चालवून ८ ओहमचा स्पीकर लावलात तर साध्या गणितानेच स्वच्छ पॉवर ९ वॅटच्या पुढे जात नाही.

हे तपासायला लॅब लागते असं दुकानदार सांगतात, तसं काही नाही. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लाइन इनपुट असलेला एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरला आवाज आत-बाहेर करून देणारी छोटी पेटी, लागतो (लॅपटॉपचा माईक जॅक नको, तो मोनो असतो आणि त्यात नॉइज कमी करायचे उद्योग वेगळे), आणि स्पीकरच्या जागी ८ ओहम १०० वॅटचा रेझिस्टर, सोनेरी अॅल्युमिनियमचा येतो तो, हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कसायचा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. आधी इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन बघून घ्यायचं, कारण त्याच्या खालचं काही तुम्हाला दिसणारच नाही. मग १००० हर्ट्झचा एकच सूर अँपला द्यायचा आणि अँपचं आउटपुट २२ के आणि १ के (किलोओहम) अशा दोन रेझिस्टरमधून कमी करून परत आत घ्यायचं, म्हणजे २० व्होल्टचे एक व्होल्टच्याही आत येतात आणि इंटरफेस जळत नाही.

स्क्रीनवर १००० ला एक उंच शेंडा दिसतो आणि पुढे २०००, ३०००, ४००० ला बारीक बारीक, हे आपण दिलेलेच नव्हते, अँपने घुसडलेत, ते सगळे मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) १००० च्या शेंड्याच्या किती टक्के, ती डिस्टॉर्शनची टक्केवारी, सॉफ्टवेअरच काढून देतं. डावीकडे ५० ला एक खुंटी दिसली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच बसते. १०० ला असेल तर बहुधा अँपच्या सप्लायचं फिल्टरिंग कमी पडतंय. मग व्हॉल्यूम हळूहळू वाढवत न्या, डिस्टॉर्शनचा आकडा बराच वेळ शांत असतो आणि एका जागी पोचलात की एकदम ०.०५ टक्क्यांवरून १, ३, ८ असा उसळतो, तिथून जरा मागे या, रेझिस्टरवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा, त्याचा वर्ग भागिले ८, हे झाले खरे वॅट. रेझिस्टरला हात लावू नका, चटका बसतो.

एक गोष्ट मात्र नक्की सांगायला हवी. वर सांगितलेल्या बोर्डासारख्या बऱ्याच क्लास डी अँपमध्ये स्पीकरची मायनस वायर ग्राउंड नसते, दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, ती मायनस कॉम्प्युटरच्या ग्राउंडला जोडली तर आउटपुट शॉर्ट. तिथे डिफरेन्शियल इनपुट (कुठलीच वायर ग्राउंडला न जोडता दोन्ही वायरींमधला फरक घेणारा) लागतो, तो नसेल तर मोजायच्या भानगडीत पडू नका.

कमी डिस्टॉर्शन म्हणजे गाणं गोड लागेलच असं मी म्हणत नाही, ट्यूब अँपवाले (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचे अँप वापरणारे) १ टक्क्यातही खुश असतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पण वॅटची तुलना करायची तर अट एकच हवी ना. अमेरिकेत एफटीसीचा (फेडरल ट्रेड कमिशन, तिथली व्यापारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) अँपच्या वॅटबद्दलचा नियम १९७४ पासून आहे, २०२४ मध्ये तो आणखी पक्का केला, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. आपल्याकडच्या खोक्यांवर काय छापायचं ते तुमच्या हातात नाही, पण तुमच्या तक्त्यात काय छापायचं ते आहे. पुढच्या वेळी वॅटच्या शेजारी दोन रकाने वाढवा, किती ओहमला आणि किती टक्के डिस्टॉर्शनला, आणि कंपनी सांगत नसेल तर तिथे सरळ 'माहिती दिली नाही' असं लिहा. मोजूनच छापायचं ठरलं तर रेझिस्टर नि वायरी घेऊन मी येतो, अँप तेवढा तुमचा.

कळावे,
तुमचा एक नेहमीचा वाचक, पुणे