ती एक ओळ आणि मालूमावशींचे कागद

पुणे, रविवार

प्रिय मेधा,

काल रात्री तुझा स्क्रीनशॉट आला आणि ‘बीआरसीए १, घातक बदल’ ही लाल अक्षरं बघून माझीही झोप उडाली. बीआरसीए १ म्हणजे ते जनुक, ज्यात बिघाड असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आधी एकच ऐक: ऑपरेशनचा विचार आत्ता डोक्यातून काढ. हा रिपोर्ट नाही. तुझी डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीने तुला यातलं काहीच कळवलं नव्हतं. तू कच्ची फाइल उतरवून दुसऱ्या वेबसाइटवर टाकलीस, आणि ही अक्षरं तिथली आहेत.

ती फाइल मी उघडून बसले. सहा लाखांवर ओळी आहेत. प्रत्येक ओळीत खुणेचा क्रमांक, गुणसूत्र, त्यावरची जागा आणि शेवटी दोन अक्षरं: एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. कुठलं कोणाचं, ते फाइल सांगत नाही. आपला जीनोम (डीएनएचा पूर्ण मजकूर) सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, म्हणजे दर पाच हजारांमागे एक अक्षर वाचलंय. दोन आडव्या रेघा दिसतील तिथे मशीनला काही वाचताच आलं नाही.

आरएस४९८८२३५ ही ओळ शोध. दुसरं गुणसूत्र, जागा १३६६०८६४६, तुझी अक्षरं जीजी. मोठेपणी दूध न पचण्याशी याचा संबंध आहे, हॉस्टेलमधलं दूध तुला कधी सोसलं नाही ते आठवतंय ना? पण शोधनिबंधांत याच जागेला सी आणि टी लिहितात. कारण डीएनएचे धागे दोन, एकावर जी असेल तिथे समोरच्यावर सी. धागा न बघता अक्षरं जुळवली की माणूस उगाच घाबरतो. इथे मात्र वाचनावर माझा विश्वास आहे, कारण हा फरक लाखो लोकांत आढळतो.

तुझ्या त्या बीआरसीएच्या ओळीची गोष्ट वेगळी. असल्या टेस्टमध्ये डीएनए एका चिपवर, म्हणजे ठरावीक जागाच तपासणाऱ्या पट्टीवर वाचतात; तिथे प्रत्येक जागेसाठी दोन रंगांचा उजेड मोजतात. हजारो लोकांचे ठिपके आलेखावर मांडले की तीन पुंजके पडतात, आणि तुझा ठिपका ज्या पुंजक्यात, ती तुझी अक्षरं. लाखात एखाद्याकडेच असणाऱ्या बदलाला दुसरा पुंजकाच नसतो. सगळे एका ढिगात, आणि एखादा ठिपका जरा बाजूला सरकला की सॉफ्टवेअर त्याला वेगळा ठरवतं. २०२१ साली ब्रिटनच्या संशोधकांनी यूके बायोबँक या स्वयंसेवकांच्या नमुन्यांच्या साठ्यातल्या जवळपास ५० हजार लोकांचं चिपवरचं वाचन सिक्वेन्सिंगशी (म्हणजे डीएनए अक्षर अन् अक्षर सलग वाचण्याशी) ताडून पाहिलं. बीआरसीए १ आणि २ या जनुकांतले जे दुर्मिळ घातक बदल चिपने दाखवले होते, त्यांतले शंभरांत जेमतेम चार खरे निघाले.

पण म्हणून ‘सुटलो बाई’ म्हणून फाइल बंद करू नकोस. मला खरी काळजी या ओळीची नाहीच, मालूमावशींची आहे. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला, आणि त्या तुझ्या आईच्या सख्ख्या बहीण. या दोन जनुकांत हजारो घातक बदल माहीत आहेत, चिप त्यांतले थोडेच बघते. उद्या ही ओळ खोटी ठरली तरी बाकीच्यांबद्दल फाइल काहीच बोलत नाही. इतक्या वर्षांत तुला कुणी हे विचारलं कसं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तेव्हा तिथे अमेरिकेत जेनेटिक काउन्सेलरची (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची) वेळ घे आणि दोन्ही जनुकांचं पूर्ण सिक्वेन्सिंग मान्यताप्राप्त लॅबमध्ये नव्या नमुन्यावर करून घे. त्याआधी विम्याचं बघ: अमेरिकेचा २००८चा जिना कायदा (जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा) आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विम्यात नाही.

जमलं तर पहिली तपासणी मावशींची व्हावी. जिला आजार झाला तिच्यात कारण सापडलं, तर तुझ्यात नेमकं काय शोधायचं ते कळतं. त्यांच्यात बदल सापडला आणि तुझ्यात नसला, तर त्या बदलाची धास्ती तुला उरत नाही. बायोप्सीचे कागद त्यांच्या लोखंडी कपाटात, कापडी पिशवीत असायचे.

पुढच्या शनिवारी मी सांगलीला जातेच आहे. तू आधी मावशींशी फोनवर बोल, काही न लपवता. त्या तयार असतील तर कागदही आणते आणि रक्ताचा नमुनाही.

तुझी,
अंजू