डोनट आणि आईचे मांडे

भुसावळ,
18 मे

प्रिय पप्या,

पत्राला उशीर झाला भो, पण कारण ऐकशील तर हसशील. आठ दिवस झाले, मी डोनट तळतोय. पोरीनं बेकरीच्या काचेत पाहिले, हट्ट धरला, आणि मी बोलून बसलो, घरीच करू, त्यात काय एवढं! माझी ही खोड तुला नवी नाही.

पहिला घाणा पार फसला. कृतीत लिहिलेलं, पीठ दोन तास उबदार जागी झाकून ठेवा. मे महिन्यात भुसावळात उबदार जागा शोधायची म्हणजे कमालच! बाहेर पारा 44 वर, त्यात मी शहाण्यानं दूध कोमट करून घातलेलं. झाकण काढलं तर पीठ फुगून परत खाली बसलेलं, वर आंबूस वास. तरी तळलेच. पुरीसारखे चपटे झाले, तेल पिऊन जड. आईनं बोटानं पीठ उचलून पाहिलं, म्हणाली, "याची आता जिलबी कर."

मग पदर खोचून तीच बसली. यीस्ट तिला ठाऊक नाही, पण कणीक कळते. पाव किलो मैदा, लहान चमचाभर इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, चिमूट मीठ, आणि दीडशे मिली दूध, तेही फ्रिजमधलं गार. कारण आपल्याकडे डब्यातला मैदाच तापलेला असतो. लोणी मात्र पीठ एकजीव झाल्यावर. वीस मिनिटं ती परातीत पीठ ओढत होती, आपटत होती, दुमडत होती. मी दोनदा विचारलं, झालं का? तिनं लिंबाएवढा गोळा घेतला, बोटांवर ताणला, खिडकीकडे धरला. पातळ पडद्यातून गज दिसले, पण पीठ फाटलं नाही. "आता झालं." मांड्यांची कणीक ती अशीच ताणून बघते, लहानपणापासून बघतोय मी. डोनटच्या वेळी डोक्यातच आलं नाही!

पहाटे साडेपाचला मळलेलं पीठ पाऊण तासात दुप्पट झालं. लाटून स्टीलच्या पेल्यानं कापलं, मधलं भोक बाटलीच्या झाकणानं. परत वीस मिनिटं ठेवलं. बोटानं हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तळायचं. शेंगदाणा तेल, मध्यम आच. तेल फार तापलं की बाहेरून काळं, आत कच्चं. नीट फुगलेला डोनट तेलात अर्धा वर तरंगतो, म्हणून तळल्यावर कमरेला पांढरट पट्टा राहतो. तो दिसला आणि मी स्वयंपाकघरात ओरडलोच.

पिठीसाखरेत वेलची घालून घोळले. आठ झाले. मधले बारके गोळे बाबांनी चहासोबत संपवले, कुणाला न विचारता.

पुढच्या आठवड्यात येतोयस ना? रात्रीच्या गाडीनं ये, सहाच्या आत घरी पोच. उन्हं चढल्यावर आलास तर जिलबीवर भागव.

तुझा,
बारक्या